आमच्या मजल्याचा राउटर

ऑफिसात लोक मला थोडे घाबरतात आणि मला ते आवडतं. कंपनीचे लॅपटॉप आणि फोन बाहेर कुठेकुठे जोडले जातात, त्यांच्यावरून जाणारा मजकूर बंद पाकिटातून नीट जातोय ना, की मध्येच कुणी पाकीट फोडून, वाचून, पुन्हा चिकटवून पुढे पाठवतंय, यावर आम्ही चार टाळकी दिवसभर नजर ठेवून असतो. पाकीट फोडणाऱ्याची एक अडचण असते. खऱ्या साइटचं ओळखपत्र त्याच्याकडे नसतं, त्याला स्वतःचंच पुढे करावं लागतं. ते अनोळखी ओळखपत्र दिसलं की आमच्या स्क्रीनवर लाल ओळ उमटते आणि मी फोन उचलून विचारते, कुठे आहात तुम्ही? बहुतेक वेळा हॉटेलचं फुकट वायफाय निघतं. एकदा पुण्याला क्लायंटकडे गेलेला आमचा एक सेल्सवाला लोणावळ्याच्या रिसॉर्टमधून जोडलेला सापडला. मी त्याच्या साहेबाला काही बोलले नाही, पण त्याचा विश्वास बसत नाही. लिफ्टमध्ये मी दिसले की तो मोबाइलमध्ये डोकं घालतो.

संशय हा माझा धंदा आहे, पण तो धंद्याच्याही आधीचा आहे. आई सांगते, लहानपणी मी दूधवाल्यासमोर दुधात बोट बुडवून बघायचे. त्यामुळे गेल्या वर्षी एका दुपारी लाल ओळ आली आणि ती माझ्याच लॅपटॉपची निघाली, तेव्हा माझ्या टीममधल्या पोरांना हसू आवरलं नसणार. मला दिसलं नाही, कारण मी ऑफिसात नव्हते. चिंचपोकळीला आमच्या चाळीतल्या खोलीत बसून काम करत होते. मी ऑफिसची एक साइट उघडायला गेले आणि समोरून ओळखपत्र आलं ते कुणा भलत्याचंच. लॅपटॉपने जोडणी तोडली आणि मुकाट्याने माझी चुगली केली.

चोर घरात शिरल्याची भीती नंतर वाटली, आधी आईचं काय होणार याची वाटली. आईला अर्धांगाचा झटका येऊन गेलेला. उजवा हात कामाचा राहिला नाही, भिंतीला धरून चालते, शब्द तोंडाशी येऊन अडकतात. तिला एकटं ठेवता येत नाही. म्हणून ऑफिसने मला आठवड्यातले तीन दिवस घरून काम करायची परवानगी दिली होती, आणि उरलेले दोन दिवस शेजारचे काका आणि मजल्यावरची उघडी दारं सांभाळून घेत होती. त्या एका परवानगीवर आमचं घर उभं होतं. ती गेली तर आईला कुठेतरी ठेवायचं, एवढंच उरत होतं. डोंबिवलीच्या आमच्या एका नातेवाइकांनी हे एकदा फार मऊ आवाजात सुचवलं होतं. मी तितक्याच मऊ आवाजात त्यांना चहा न देता वाटेला लावलं. आई आपल्या घरात राहणार, यावर माझी चर्चाच नव्हती.

मॅनेजरचा फोन लगेच आला. माझ्याहून लहान आहे, पण माणूस सरळ. म्हणाला, दुसऱ्या कुणाचं असतं तर तूच नियम दाखवला असतास. उद्या संध्याकाळपर्यंत कारण आणि उपाय लिहून दे, नाहीतर तुझ्या घरचं नेट असुरक्षित म्हणून नोंदवावं लागेल आणि रोज ऑफिसला यावं लागेल. मग त्यानेच तोड सुचवली, तू स्वतःची वेगळी लाइन का घेत नाहीस? तो ठाण्याच्या टॉवरमध्ये राहतो, त्याला काय कळणार.

आमच्या मजल्याच्या या टोकाला चार खोल्यांत मिळून एकच नेट आहे. वायर पहिल्यांदा काकांच्या खोलीत आली, म्हणून राउटर त्यांच्याकडे. किल्ल्या त्यांच्याकडे, कुरिअरची पार्सलं त्यांच्याकडे, गॅसवाला येणार असेल तर पुस्तक त्यांच्याकडे. काका पालिकेच्या पाणी खात्यात चावीवाले होते, गल्लीगल्लीतलं पाणी सोडायचे आणि बंद करायचे. निवृत्त झाले तरी सगळ्यांचं काहीतरी आपल्या हातून सुटतंय, ही भावना त्यांना हवी असते. अशा ठिकाणी वेगळी लाइन घेणं म्हणजे भांडण जाहीर करणं. पलीकडच्या एका बिऱ्हाडाने ती घेतली, तेव्हापासून त्यांना पूजेचं बोलावणं दारात जाऊन न देता फोनवर द्यायला लागले लोक. मला काकांशी वाकडं घेऊन चालणार नव्हतं. मी ऑफिसला जाते त्या दोन दिवसांत आईला जेवायला वाढणारे तेच होते. मोबाइलच्या नेटवर काम करायचं तर मागे उभ्या राहिलेल्या उंच इमारतीमुळे खोलीत रेंज येत नाही, ती येते गॅलरीत, आणि गॅलरीत लॅपटॉप उघडून बसणं आमच्या नियमात बसत नाही.

मी काकांकडे गेले. ते नळाचा वॉशर बदलत बसले होते. देव्हाऱ्याच्या शेजारी चार शिंगांचा नवा काळा राउटर होता. तो मी आधीही पाहिला होता, पण जुना बिघडला असेल असं समजून सोडून दिलं होतं. बाहेर जगावर संशय घेणारी मी, शेजारच्या खोलीकडे त्या नजरेने कधी पाहिलं नव्हतं. मी विचारलं, काका, हे कधी बदललंत? आणि ते एकदम खूश झाले, कारण इतके दिवस कुणी विचारलंच नव्हतं.

कोपऱ्यातल्या खोलीतल्या काकूंना वीजबिलाचा खोटा मेसेज आला होता, त्यावरून त्यांची शिल्लक गेली, हे मला माहीत होतं. त्यानंतर काकांना अन्न गोड लागेना, हे माहीत नव्हतं. आपल्या घरातून गेलेल्या नेटवरून बाई बुडाली, असं त्यांनी धरलं. लालबागच्या एका मोबाइलवाल्याने त्यांना हा राउटर दिला. वाईट पान आलं की इथेच अडणार आणि कोण काय उघडतंय ते काकांना फोनवर दिसणार. पण बंद पाकीट आतून तपासायचं तर ते फोडायला हवं, आणि राउटर पाकिटं फोडायला लागताच सगळ्या फोनवर धोक्याच्या सूचना यायला लागल्या. नेट चालत नाही म्हणून मजल्यावरच्या बायका काकांच्या दारात. तेव्हा काकांनी सगळ्यांचे फोन कापडी पिशवीत गोळा केले, प्रत्येकीचा पिन तोंडी विचारून घेतला आणि लालबागला नेऊन दिले. मोबाइलवाल्याने प्रत्येक फोनला शिकवलं, की या राउटरचं ओळखपत्र आपल्या माणसाचं समज. सूचना थांबल्या. खोलीची किल्ली ठेवायला देतात तसे त्या सगळ्यांनी फोन दिले होते. त्या पिशवीत माझ्या आईचाही होता. मी त्या दिवशी ऑफिसात होते.

मग माझा लॅपटॉप आत्ताच का अडला, असं मी विचारलं. ते म्हणाले, "परवा त्या ॲपान विचारल्यान, सगळ्यांक लावू काय? म्हटलं, लाव. तुका एकटीक कित्याक वगळू? तू काय परकी?"

माझी कंपनी लाखो रुपये खर्च करून ज्याच्यापासून आम्हाला वाचवते, तो मधला माणूस हातात पान्हा घेऊन माझ्यासमोर बसला होता, आणि मी परकी नाही म्हणून त्याने माझं पाकीट फोडायला घेतलं होतं. मला हसू यायला हवं होतं. मला राग आला. मी फाडफाड बोलले. बँकेचं पान, पासवर्ड, डॉक्टरचे रिपोर्ट, ब्राउझरमधून जे जाईल ते तुमच्या या डब्याला उघडं दिसतं, तो डबा बनवणारा कोण कुठला तुम्हाला ठाऊक नाही, त्या मोबाइलवाल्याच्या हातात सगळ्यांचे फोन उघडे होते. काकांनी पान्हा खाली ठेवला. मी लोकांची पत्रं फोडणारा वाटलो का तुला, एवढंच त्यांनी विचारलं. मग आपल्या मार्गाने समजावायला लागले, की पाणी घराघरांत जायच्या आधी तपासतातच ना, त्यात कुणाला लाज वाटते? मी म्हटलं, पाण्यात कुणी काय लिहिलेलं नसतं. ते म्हणाले, तू हापिसात दुसरं काय करतेस? मी म्हटलं, तिथली यंत्रं कंपनीची असतात आणि माणसं सही करून ती घेतात. सही केली म्हणजे कळलं असं थोडंच, असं म्हणून ते उठले आणि नळ सोडून बघायला लागले. नळ गळत नव्हता.

बंद करा म्हटल्यावर मात्र त्यांनी वाद घातला नाही. आपला फोन माझ्या हातात दिला. मी ते तपासणीचं बटण शोधत होते, तेवढ्यात ते पाठमोरेच बोलले.

"बंद कर. पण एक सांगतंय. तुझी आवस फोनाक विचारता, म्हातारीक खंय ठेवतत? महिनो झालो. मी कोणाक सांगूक नाय."

उजवा हात चालत नाही म्हणून आई फोनमध्ये बोलून शोधते. कर्जत, नेरळ, बाई एकटी असेल तर घेतात का, अर्धांग झालेलं घेतात का, असं तिने पुन्हा पुन्हा विचारलं होतं आणि प्रत्येक वेळी ते काकांच्या फोनवर उमटलं होतं. पहिल्यांदा दिसलं तेव्हा काकांना वाटलं चूक झाली. दुसऱ्यांदा दिसलं त्या दुपारी ते खेळायचे पत्ते घेऊन आमच्या घरी आले. आईला एका हाताने पानं धरता येत नाहीत, म्हणून त्यांनी लाकडाच्या पट्टीला खाच पाडून पानं उभी राहतील अशी सोय करून आणली. तेव्हापासून ते रोज येत होते. मी घरी असले की कानाला हेडफोन लावून मनात म्हणायचे, काकांना वेळ जात नाही वाटतं.

मी तपासणी बंद केली. त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही, आणि त्यांचीही माझ्याकडे नसावी. माझा राग गेला नव्हता, पण तो आता कुणावर काढावा ते समजत नव्हतं. बाकीच्या काकूंचे फोन मी एकेक करून मागून घेतले आणि साफ केले. आईचा सगळ्यात शेवटी घेतला. ती कॉटवर बसून बघत होती. सेटिंगमध्ये जाऊन ते ओळखपत्र पुसलं की काम संपत होतं. तिने काय काय विचारलं होतं ते मात्र एका बोटाच्या अंतरावर होतं. मी बघितलं नाही. त्यात मोठेपणा काही नव्हता, भीती होती. काय बिघडलं, असं आईने विचारलं, मी म्हटलं, काही नाही, कचरा झाला होता.

ऑफिसला कारण लिहून दिलं. मॅनेजरने सगळं तपासलं, बरं झालं म्हणाला, परवानगी राहिली. जिच्यासाठी धावले ती गोष्ट वाचली होती आणि मला जराही आनंद नव्हता. आईला घरात ठेवण्यासाठी मी कंबर कसून उभी, आणि आई माझ्या पाठीमागे बाहेरची वाट शोधत होती. मला कळलं होतं, पण कळल्याचं तिला सांगता येत नव्हतं. सांगायचं तर, तुझं पाकीट फुटलं होतं, हेही सांगावं लागलं असतं.

कारण मी माझ्यापुरतं शोधून काढलं. आमच्या दीड खोलीत फोनवरचं सगळं ऐकू जातं. बंगळूरच्या ऑफिसातली मोठी जागा मी नाकारली, ते तिने ऐकलं होतं. सहलीला नाही, लग्नाला नाही, उशिरापर्यंत थांबायला नाही, प्रत्येक वेळी माझं एकच वाक्य, घरी आई आहे. ते वाक्य मी कसल्या सुरात म्हणते ते मला आता ऐकू यायला लागलं. आपण ओझं झालो असं तिला वाटत असणार, असा निष्कर्ष काढून मी सुधारायला घेतलं. सकाळचा चहा वेळेवर, फोनवर हसून बोलणं, बुधवारी पापलेट. आईने दोन दिवस सहन केलं आणि मग विचारलं, कसला सण आहे?

पुढच्या शनिवारी ती डाव्या हाताने मटार सोलत होती. शेंग मांडीखाली दाबून धरायची आणि अंगठ्याने उकलायची, ही तिची स्वतःची युक्ती. मी शेजारी बसले आणि काही पाल्हाळ न लावता विचारलं.

"आई, तुला इथून जायचंय का?"

तिने हातातली शेंग पुरती सोलली. मग म्हणाली, "सांगितलं म्हणजे शेवटी त्यांनी."

तिने सावकाश, मध्ये मध्ये थांबत सांगितलं, की काकांना दिसतं हे तिला पहिल्यापासून माहीत होतं. आता मी बघतोय, घाबरू नका, असं त्यांनी गॅलरीभर फिरून सगळ्या बायकांना सांगितलं होतं. ती फोनला विचारत होती ते काकांनी वाचावं म्हणूनच. आमच्या चाळीत तोंडावर न बोलवणारी गोष्ट शेजारी सांगून ठेवायची असते, ती आपली आपण पोचते. सुनेला सांगायचं ते असंच सांगतात, नवऱ्याला सांगायचं तेही. मला सांगायला तिने सुरुवात केली की माझ्या कानाला हेडफोन तरी असायचा, नाहीतर तिचा शब्द अडकला की मी तो माझ्या मनाने पुरा करून मोकळी व्हायचे. म्हणून तिने महिनाभर फोनला विचारलं आणि वाट बघितली.

"ते काय," ती म्हणाली, "पत्ते घेऊन आले."

आम्ही दोघी हसलो. ती हसली की ओठ एका बाजूलाच जातो. मग मी तयार करून ठेवलेलं भाषण काढलं. बंगळूर मला नकोच होतं, तू ओझं नाहीस, घर तुझं आहे, पुन्हा असलं मनात आणू नकोस. तिने ते पूर्ण होऊ दिलं.

"त्यासाठी नाही," ती म्हणाली.

मग कशासाठी, असं मी विचारलं. ती शब्द शोधायला लागली. दोन शब्द माझ्या तोंडावर आले होते, ते मी गिळले.

"तुझी पाठ," ती म्हणाली. "दिवसभर तुझी पाठ बघते मी. तिथे कुणीतरी समोर बसेल."

ऑफिसचा नियम असा, की घरून काम करताना स्क्रीन दारातून दिसता कामा नये. आमचं दार दिवसभर उघडं, गॅलरीतून येजा. म्हणून माझं टेबल असं लावलेलं, की मी दाराकडे तोंड करून बसते. येणारी जाणारी सगळी मला दिसतात. आईची कॉट आतल्या भिंतीला, माझ्या मागे. तिला घरात ठेवायची परवानगी मिळाल्या दिवसापासून मी तिच्याकडे पाठ करून बसले होते.

सोमवारी मी टेबल फिरवलं. तोंड आईकडे, स्क्रीन दाराकडे, म्हणून दार लावून घेतलं. ती समोर बसली, मी काम करत होते, मान वर केली की दिसत होती. थोड्या वेळाने कोपऱ्यातल्या काकूंनी कडी वाजवली, आईला बरं नाही का? मग कुरिअरवाला. मग काका, हातात पत्ते, चेहरा उतरलेला. दिवसाढवळ्या दार लावलेलं म्हणजे आमच्याकडे एकतर आजारपण नाहीतर भांडण. मी प्रत्येकाला सांगितलं, काही नाही, ऑफिसचं काम आहे. काका बरं म्हणून परत गेले आणि मी पुन्हा दार लावलं. गॅलरीतला आवाज तुटला. खोलीत माझ्या कीबोर्डचा तेवढा आवाज राहिला. आई माझ्याकडे बघत होती आणि मी स्क्रीनकडे.

"दार उघड," ती म्हणाली.

मी दार उघडलं आणि टेबल होतं तसं केलं. त्या रविवारी आम्ही तिघं गाडी करून नेरळला वृद्धाश्रमाची जागा बघायला निघालो. काका ड्रायव्हरशेजारी बसले. मी मागे आईजवळ बसले, तिच्याकडे पुरती वळून, आणि नेरळ येईपर्यंत तशीच बसून राहिले.